आधी कॅशे उडवा, मग बघू

नकाशाचं सॉफ्टवेअर उघडलं, पृथ्वीचा गोळा अर्धा फिरला आणि तिथेच थिजला. खिडकीच्या माथ्यावर 'नॉट रिस्पॉन्डिंग' उमटलं. अशा वेळी काही भाबडी माणसं 'आत्ता नेमकं काय केलं बरं मी?' म्हणून आठवत बसतात. तुम्ही तसलं काही करू नका. आठवायला वेळ लागतो, कॅशे उडवायला लागत नाही.

कॅशे म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज नाही. ठाऊक नसलं तर उलट हात थरथरत नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'लपवणं', एवढा पुरावा पुरे. त्यातून विंडोजवर ते फोल्डर असतं 'ॲपडेटा'मध्ये, जे 'हिडन आयटम्स'वर खूण केल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. नावातही लपलेलं आणि जागेवरही लपलेलं. हे निर्दोष कसं असेल?

कॅशेची वकिली करणारे लोक भेटतील. ते सांगतील की वेबवरचा नकाशा २५६ बाय २५६ पिक्सेलच्या फरशांमध्ये कापलेला असतो, झूमच्या शून्याव्या पातळीवर अख्खं जग एका फरशीत मावतं, पुढच्या प्रत्येक पातळीवर फरशा चौपट होतात आणि अठराव्या पातळीला ती संख्या ६,८७१ कोटींच्या पुढे जाते. तुम्ही पाहिलेल्या तेवढ्या फरशा डिस्कवर ठेवल्या, हीच ती कॅशे, की त्या पुन्हा मागवाव्या लागत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या खुल्या नकाशांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात, त्यांच्यावरचा भारही हलका होतो. ऐकून घ्या, मान डोलवा आणि उडवा. मग त्याच फरशा पहिल्यापासून उतरू लागतील, नकाशा अर्धा राखाडी दिसेल आणि सगळं आणखी संथ चालेल. यावरून काय सिद्ध होतं? कॅशे अजून नीट गेलेली नाही.

गूगल अर्थ प्रोमध्ये, म्हणजे तो गोळा फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कॅशे काढायचा एक सरळ रस्ता आहे. फाइल मेनूतून सर्व्हरमधून साइन आउट करायचं, टूल्समधून ऑप्शन्स, तिथे कॅशे, तिथे डिस्कवरची कॅशे पुसण्याचं बटण. या रस्त्याचा दोष एवढाच की यात फक्त कॅशे जाते. एक दुरुस्तीचं साधनही हेल्प मेनूत पडून असतं, पण मदत मागायला आपण काय नवशिके आहोत? डिस्कवरची कॅशे फार तर २,००० एमबीची असते. एवढ्याशा पालापाचोळ्यासाठी बटण दाबणं आपल्याला शोभत नाही. (२०१५ पर्यंत या प्रो आवृत्तीचे वर्षाला ३९९ डॉलर पडायचे. ती फुकट झाली आणि तिच्याबरोबर आपला वेळही.)

तर ॲपडेटात शिरा, लोकललो, गूगल, गूगलअर्थ असं उतरत जा आणि सगळं निवडून शिफ्ट-डिलीट मारा. नुसतं डिलीट नको. रिसायकल बिनमध्ये पश्चात्तापाला जागा राहते. याच फोल्डरात 'मायप्लेसेस डॉट केएमएल' नावाची एक फाइल असते. तुम्ही वर्षानुवर्षं टोचलेल्या टाचण्या, आखलेल्या वाटा, मोजलेल्या सीमा, सगळं तिच्यात. ती वाचवायची असती तर आधी दुसरीकडे उतरवून ठेवली असतीत, पण नावात 'माय' आहे म्हणून ती आपलीच असेल असं थोडंच आहे! तिची राखीव प्रत, 'मायप्लेसेस डॉट बॅकअप डॉट केएमएल', तिला अगदी खेटून राहते, त्यामुळे ती शोधत फिरण्याचा त्रास नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि इथे ओल्याची राखीव प्रतही जळते.

नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर मैदान याहून मोठं आहे. जिओपॅकेजच्या, म्हणजे नकाशाचा डेटा साठवणाऱ्या फाइलीच्या, शेजारी कधीकधी दोन अनोळखी फाइली उगवतात. एकीच्या शेपटीला 'डब्ल्यूएएल', दुसरीच्या 'एसएचएम'. दिसायला निव्वळ कचरा. जिओपॅकेज हा आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस असतो आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तर मूळ फाइलीत न पोचलेल्या नोंदी त्या पहिल्या फाइलीत थांबलेल्या असतात, वगैरे वगैरे. म्हणजे काल दुपारभर माउसने आखून डिजिटाइझ केलेले प्लॉट तिथे असू शकतात. असोत. साफसफाई ती साफसफाई.

नकाशाच्या डेटाचाच दुसरा प्रकार म्हणजे शेपफाइल. तिचं तर नावच फसवं. एक म्हणावी तर किमान तीन निघतात, आणि चौथी, 'पीआरजे', इतकी लहान की तिच्यात काही असेल असं वाटतच नाही. तिच्यात फक्त हे लिहिलेलं असतं की हे आकडे कुठल्या प्रणालीतले आहेत. ती उडवा. मग अक्षांश-रेखांशांच्या अंशांना वेब मर्केटर या वेब नकाशांच्या प्रणालीचे मीटर समजून बसवा, म्हणजे तुमचा जगाचा नकाशा आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, ३६० मीटर रुंदीचा होऊन तरंगताना सापडेल. सापडला तर.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळा. क्यूजीआयएसच्या सेटिंग्जमध्ये युजर प्रोफाइल्स, म्हणजे सेटिंग्ज आणि वरून जोडलेल्या जादा सोयींचे (प्लगिनचे) वेगवेगळे संच, असतात. तिथे नवं कोरं प्रोफाइल काढून तोच प्रोजेक्ट उघडून पाहायला दहा मिनिटंही लागत नाहीत. नव्यात तो नीट चालला तर खोट जुन्या प्रोफाइलात, मग प्लगिन एकेक करून बंद करायचे. नव्यातही कोसळला तर संशय डेटावर, नाहीतर ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर. धोका लक्षात आला ना? असं केलं तर कारण सापडतं. कारण सापडलं की ते आपणच हौसेने टाकलेलं सतरावं प्लगिन निघतं, आणि मग चारचौघांत कॅशेला शिव्या कुठल्या तोंडाने घालायच्या? त्यापेक्षा कॅशे उडवणं, ड्रायव्हर बदलणं, प्लगिन काढणं आणि मशीन बंद-चालू करणं एकाच दमात उरका. बरं वाटलं तर कशाने वाटलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि पुढच्या वेळी हा सगळा विधी पुन्हा करता येईल.

एवढं करूनही गोळा थिजलाच तर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. ते काढताना ॲपडेटातलं तुमचं सामान सहसा तिथेच राहतं, त्यामुळे नवी प्रत उघडली की जुनी सेटिंग्ज दारात उभी. मग चिडून ते अख्खं फोल्डर पुसाल. आता मात्र गोळा लोण्यासारखा फिरेल, कारण त्याच्यावर काहीच उरलेलं नसेल. दोन दिवस हे सुख भोगा. तिसऱ्या दिवशी एखादा सहकारी दयाळूपणे कळवेल की तुम्हीच मागे त्याला पाठवलेली सगळ्या टाचण्यांची फाइल त्याच्याकडे आहे, हजारो खुणा, दर चार सेकंदांनी ताज्या होणाऱ्या नेटवर्क लिंक आणि स्कॅन केलेल्या अवाढव्य चित्रांसकट. ती आनंदाने उघडाल. गोळा अर्धा फिरेल. तोवर तुमची बोटं ॲपडेटाकडे वळलेली असतील.