जॉन अब्राहम यांच्या ‘कच्च्या’ सिनेमाबद्दल

नमस्कार. मल्याळी दिग्दर्शक जॉन अब्राहम यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप दोन. मी एका दारुड्याची आरती ओवाळली, आणि त्यांचा ‘अम्मा अरियान’ हा चित्रपट मुळात कच्चा, पसरट असताना मी त्या कच्चेपणालाच शैली म्हणते.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. आयुर्विम्यातली नोकरी सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आलेला, बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांकडे शिकलेला हा माणूस मे १९८७ मध्ये कोळिकोडला गच्चीवरून पडून गेला, वयाच्या ४९व्या वर्षी. मागे चित्रपट मोजून चार. अशा माणसाच्या पिण्याचे किस्से मी रंगवून सांगायला नको होते.

दुसरा आक्षेप मात्र अजिबात पटत नाही. त्यांना नेटकी गोष्ट सांगता येत नव्हती, असं नाही. ‘अग्रहारत्तिल कळुदै’ बघा. ब्राह्मण वस्तीत एक प्राध्यापक पोरकं गाढव पाळतो, लोक ते मारतात आणि मग त्यालाच पुजायला लागतात. सरळ, धारदार मांडणी. १९७७ चा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. हे जमलेला दिग्दर्शक नऊ वर्षांनी वेगळं काही करतो, तेव्हा का केलं हे आधी विचारायला हवं.

‘अम्मा अरियान’ला निर्माताच नव्हता. ‘ओडेसा’ नावाचा गट त्यांनी मित्रांबरोबर उभा केला. ही मंडळी केरळात गावोगाव जायची, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायची आणि जमलेल्या लोकांपुढे झोळी फिरवायची. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागतात ना, तशी. त्या पैशांतून चित्रपट झाला.

आता पडद्यावर काय घडतं ते आठवा. दिल्लीला निघालेल्या पुरुषनला वाटेत, वायनाडमध्ये, गळफास घेतलेल्या तरुणाचं प्रेत दिसतं. चेहरा ओळखीचा वाटतो. तो हरी, तबला वाजवणारा. त्याच्या आईला कळवायला पुरुषन कोचीकडे वळतो. प्रत्येक मुक्कामी कुणाचं तरी दार वाजतं, बातमी सांगितली जाते, आतला माणूस निघतो आणि बरोबर चालू लागतो. दिंडीत वाटेवरची माणसं मिळत जावीत तसं. पैसा जसा गोळा झाला, तशीच ही गोष्टही गोळा होत जाते. तुम्हाला जो पसरटपणा वाटला, तो मला या गोळा होण्याला लागणारा वेळ वाटतो. दुसऱ्या-तिसऱ्या दारानंतर कात्री लावली असती तर चित्रपट आटोपशीर झाला असता खरा, पण आईपुढे एवढी माणसं उभी राहिली नसती.

मधली आंदोलनांची चित्रणं लांबतात, हे तुमचं म्हणणं मलाही जाणवलं होतं.

किश्श्यांचा तो परिच्छेद आज लेखातून काढते आहे. त्या जागी ‘ओडेसा’च्या वर्गणीबद्दल लिहीन, ते आधीच लिहायला हवं होतं.