म्हातारीची पुण्याई नाही, पायपीट!
लेखात टॅमनी हॉलच्या (न्यूयॉर्कमधली डेमोक्रॅटिक पक्षाच्या दादा मंडळींची संघटना) पाडावाचं सगळं श्रेय राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टबाईंना दिलंय, ते काही पटलं नाही. त्यांचा आशीर्वाद होताच, पण घरोघरी फिरून दारं ठोठावली ती न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज वस्तीतल्या, त्याच पक्षातल्या सुधारकवाल्या पोरांनी. १९६१ मध्ये टॅमनीचा म्होरक्या कार्माइन डिसॅपिओ आपल्याच गल्लीत, पक्षाच्या स्थानिक नेतेपदाच्या निवडणुकीत पडला. १९६३ ला परत उभा राहिला, सुधारकांच्या एड कॉचकडून अवघ्या ४१ मतांनी हरला! कोर्टाने फेरनिवडणूक घ्यायला लावली, तीही १६४ मतांनी गेली. दोन-तीन बिल्डिंगांचा खेळ हो सगळा. पुढे हाच कॉच न्यूयॉर्कचा महापौर झाला आणि शहरातल्या ब्रॉन्क्स-क्वीन्स भागांच्या पक्षदादांशी त्याचं गूळपीठ जमलं. १९८६ चा पार्किंग दंडवसुलीचा घोटाळा त्यांचाच. कॉचने स्वतः खाल्लं नाही म्हणतात, पण पंगत त्याच्याच अंगणात होती ना?