गाडीतला फुस्स्

आमच्या इमारतीच्या सूचनाफलकावर सोमवारपासून एक कागद लागलाय. ‘हिरव्या गाडीच्या आसपास लहान मुलांनी खेळू नये.’ आवारात हिरवी गाडी एकच आहे. कागदावर कारण नाही, सही नाही. पण अक्षर कोणाचं ते मी ओळखतो आणि जिना उतरताना त्या भिंतीकडे न बघता जायला शिकलोय.

झालं असं, की मी गाडीतच हवा भरायची कायमची सोय करून घेतली. करून घेतली म्हणजे स्वतः केली. इथूनच बिघडत गेलं. वाळूत गाडी घालायची तर टायरातली हवा ३५ पीएसआयवरून (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) १८-२० वर आणतात. टायर पसरतो, गाडी रुतत नाही. हवा सोडायला अक्कल लागत नाही. पण परत पक्क्या रस्त्याला लागायचं तर ती भरावी लागते, नाहीतर मऊ टायर वेगात तापतो आणि फाटतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा माझा छोटा पंप दुसऱ्याच टायराला मान टाकायचा आणि बरोबरच्या गाड्यांतली मंडळी इंजिन चालू ठेवून माझ्याकडे बघत बसायची. शेवटी ठरवलं, बॉनेटखाली १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर, चॅसीला टाकी, बंपरपाशी नळी जोडायचं टोक. कोणाचं तोंड बघायला नको.

खोक्यावर लिहिलं होतं, मिनिटाला ७० लिटर. खोटं नाही ते. समोर काहीच दाब नसताना तो देतो तेवढी हवा. टायर जोडला की आकडा उतरायला लागतो, हे खोक्यावर नसतं. आतल्या पत्रकात बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : ड्यूटी सायकल ३३ टक्के. म्हणजे दहा मिनिटं काम केलं की वीस मिनिटं विश्रांती. अशी नोकरी आयुष्यात मला कोणी दिली नाही.

टाकीचं तर विचारूच नका. माझी टाकी साडेसात लिटरची. दाब आणि आकारमान यांचं नातं रॉबर्ट बॉइलने १६६२ सालीच जगाला सांगून ठेवलंय; मी ते टाकी बसवून झाल्यावर कागदावर मांडलं. १४५ पीएसआयवरून ३५ वर येईपर्यंत टाकीतून, बाहेरच्या मोकळ्या हवेच्या हिशेबात, छप्पन्न-सत्तावन्न लिटर हवा मिळते. माझा एक टायर १८ वरून ३५ वर न्यायला लागते साधारण ७५ लिटर. म्हणजे पूर्ण भरलेली टाकी एक टायरसुद्धा भरत नाही. ती असते कॉम्प्रेसरला दम खायला मिळावा म्हणून. आठ बोल्ट आणि दोन शनिवार घालवल्यावर हे कळणं वाईट.

वायरिंग मी नीट केलं. कॉम्प्रेसर तीस-चाळीस अँपिअर ओढतो, म्हणून जाड वायर, बॅटरीला लागूनच फ्यूज, मध्ये रिले, म्हणजे बारीक वायरीच्या इशाऱ्यावर जाड वायरीतला प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. रिलेला जाणारी बारीक वायर मात्र इग्निशनवरून घ्यायची असते, म्हणजे किल्ली काढली की कॉम्प्रेसर गप्प. मी ती सरळ बॅटरीवरून घेतली. डॅशबोर्ड उघडायचा कंटाळा आला. हा कंटाळा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि मग आटे. पाव इंची फिटिंग म्हटलं की ते पाव इंची असेल असं आपल्यासारख्या साध्या माणसाला वाटतं. पण जगात पाव इंच दोन प्रकारचा आहे. एनपीटी, म्हणजे अमेरिकन माप, त्याचे इंचाला १८ आटे; बीएसपी, म्हणजे ब्रिटिश, त्याचे १९. एकाच्या आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. फरक इतका थोडा, की एकात दुसरं तीनचार फेरे अगदी आनंदाने जातं, मग घट्ट होतं, आणि आपण म्हणतो, वा, बसलं! ते बसलेलं नसतं, अडकलेलं असतं. मग त्यावर टेफ्लॉन टेपचे थर चढवायचे. माणसं शंभर गोष्टींवर एकमत करतात, जगभरच्या मोटारींच्या टायरांचे व्हॉल्व्ह सारखे करतात, पण पाव इंच पाइपाच्या आट्यांवरून यांचं जमत नाही. त्यापायी एक माणूस रविवारी सकाळी उताणा पडून गाडीखाली साबणाचं पाणी फासत असेल, याचं कोणाला काही नाही. मला अजून राग आहे.

तर तो उताणा मी. टाकी १४५ ला भरलेली, कुठूनतरी फुस्स् येतंय आणि माझे फक्त पाय बाहेर. आधी काठी दिसली, मग चपला.

“हलू नका,” चपला म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावरचे काका. त्यांना चालायला काठी लागत नाही. ती दाखवायला लागते. आवाज असा, की गच्चीवरच्याला निरोप द्यायला जिना चढावा लागत नाही.

“काय झालं काका?”

“अजिबात हलू नका. तुमच्या डोक्याशी आहे. मोठा आहे.”

“अहो, हवा गळतेय.”

“तसंच वाटतं सुरुवातीला.”

या वाक्याला मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही. तोवर माणसं जमली. एकाने फोन काढला. कडेवर मूल घेतलेल्या एक बाई ‘यांना ओढून काढा ना कोणीतरी’ म्हणाल्या, आणि कोणीच पुढे आलं नाही, हेही मी खालून नोंदवून घेतलं. मी शांतपणे समजवायचं ठरवलं.

“काका, इथे टाकी आहे. टाकीत हवा आहे.”

“टाकीत हवा कशाला?”

“टायरात भरायला.”

“टायरात तर हवा आहे.”

“ती काढायची असते.”

“काढायची, मग ही कशाला?”

“काढलेली परत भरायला!”

काका मागे वळले आणि जमावाला हलक्या आवाजात, म्हणजे फक्त पहिल्या मजल्यापर्यंत जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “घाबरलेत. असंबद्ध बोलायला लागलेत.”

तेवढ्यात गळून गळून दाब ११० वर आला. ११० ला प्रेशर स्विच लागतो आणि कॉम्प्रेसर सुरू होतो. किल्ली माझ्या खिशात होती, पण तो कंटाळा आठवतोय ना? बॉनेटखालून असा काही घरघराट उठला, की जमाव फाटकापर्यंत गेला. मी दचकून उठायला गेलो आणि कपाळ चॅसीवर आपटलं. खूण अजून आहे.

“दोन आहेत!” काका ओरडले. “एक फुत्कारतो, एक गुरगुरतो!”

पाऊण मिनिटाने १४५ झाले, कॉम्प्रेसर बंद पडला, फुस्स् चालूच. आता काकांनी घड्याळ लावलं. कोणीतरी त्यांना खुर्ची आणून दिली. मला कोणी काही दिलं नाही. बाहेर यायला लागलो की काठी आडवी यायची. अकरा मिनिटांनी पुन्हा घरघर. “अकरा,” काकांनी जाहीर केलं. त्यापुढच्या वेळीही अकराच. सापाला घड्याळ कळत नाही, एवढी शंका तरी कोणाला यावी! पण लोक उलट जास्तच प्रभावित झाले.

मग काका खुर्चीवरून उठले, डोळे मिटले, कान पुढे केला आणि काठीचं टोक हळूहळू बॉनेटच्या जाळीतून आत सरकवत नेलं. मी खालून बघत होतो. टोक नळीवरून गेलं, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरून गेलं आणि प्रेशर गेजच्या टी-जॉइंटवर थांबलं.

“इथे.”

तो एक जॉइंट मी तपासलाच नव्हता. सगळ्यांत घट्ट तोच बसला होता ना! हात वर करून साबणाचं पाणी लावलं, तर लिंबाएवढा फुगा आला, फुटला, दुसरा आला. मी दोन शनिवार आणि एक रविवार शोधत होतो ते या गृहस्थांनी डोळे मिटून काठीने दाखवलं, आणि तेही साप म्हणून. आभार मानावेत की डोकं आपटावं? आपटून तर झालंच होतं.

मी फ्यूज काढला आणि टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक उघडला. साडेसात लिटर टाकीतली सगळी हवा एकदम सुटली. त्या आवाजाचं वर्णन करत नाही. धूळ बसली तेव्हा आवारात फक्त काका उभे होते.

“गेला,” ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. एका तरुणाने काकांशी हस्तांदोलन केलं. त्या बाई मला म्हणाल्या, “नशीब हो तुमचं, काका होते म्हणून.”

“पण जागा बघून गेलाय,” काका म्हणाले. “परत येणार.” आणि सोमवारी कागद लागला.

मी टी-जॉइंट बदलला, या वेळी १८ आट्यांत १८ आटे. डॅशबोर्ड उघडून वायर इग्निशनवर घेतली. टाकी १४५ ला भरून ठेवली. तीन दिवस काटा हलला नाही. बुधवारी मुद्दाम काकांना खाली बोलावून गेज दाखवलं. त्यांनी गेजकडे पाहिलंही नाही. बॉनेटला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला.

“काही ऐकू येतंय का?” मी विचारलं.

“नाही ना. झोपलाय.”

कागद काढायचं विचारलं तर ‘महिनाभर बघू’ म्हणाले.

आता अडचण अशी आहे, की हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन टाकीत साठतो. अधूनमधून ड्रेन कॉक उघडून तो काढला नाही, तर टाकी आतून गंजते. आणि ड्रेन कॉक उघडला की काय आवाज येतो ते आता साऱ्या इमारतीला पाठ आहे. म्हणून काल रात्री साडेबाराला मी जुना टॉवेल घेऊन खाली गेलो, गाडीखाली सरपटलो, कॉकवर टॉवेलची चौघडी घट्ट दाबून धरली आणि पाव फेरा, फक्त पाव फेरा, फिरवला. चमचाभर तांबूस पाणी टॉवेलात आलं. त्यामागून एक बारीकसा फुस्स्.

दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला.