हापूसचा बाठा रुजवला की हापूसच येतो?

देवगड-रत्नागिरी पट्ट्यात आंब्याच्या हंगामात एक संदेश फिरत असतो: हापूसचा बाठा रुजवला की हापूसच मिळतो, कलमात खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर हापूसची फांदी जोडतात त्याचे, गुण मिसळून फळ बिघडते, म्हणून कलमांवर पैसे घालवू नयेत.

बाठ्यातून हापूसच येतो, हे पहिले विधान चुकीचे आहे. आंब्याच्या पेशीत 40 गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, असतात. मोहोरातील परागकोशात आणि बीजांडात अर्धगुणसूत्री विभाजन होऊन ती 20 वर येतात आणि फलनात पुन्हा 40 होतात. या निम्मेपणाहून महत्त्वाची आहे ती वाटणी: 20 जोड्यांपैकी कोणते गुणसूत्र कोणत्या पेशीत जाईल याच्या शक्यताच दहा लाखांवर जातात, शिवाय जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ती वेगळीच. त्यामुळे हापूसला स्वतःचाच पराग मिळाला, तरी बाठ्यातील भ्रूण आईची नक्कल नसतो. फळाचा गर मात्र आईच्याच पेशींचा असतो, आणि बहुधा तिथेच फसगत होते: गर हापूसचा, म्हणून बाठाही हापूसचाच वाटतो. याच फेरवाटणीच्या आधारे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात निवडली, जी 1981 मध्ये प्रसारित झाली.

कलमाबद्दलचा आक्षेप त्याहून कच्चा आहे. कलमाचा सांधा भरतो आणि फांदी वाढते ती सूत्री विभाजनाने, ज्यात प्रत्येक नव्या पेशीला तीच 40 गुणसूत्रे मिळतात. खुंटाकडून पाणी आणि क्षार वर जातात, झाडाच्या जोमावर त्याचा परिणामही होतो. पण फांदी हापूसचीच राहते.

राहिला ‘आमच्याकडे बाठ्यातून आईसारखेच झाड आले’ हा अनुभव. तो सरसकट खोटा ठरवणे अन्यायाचे होईल. केरळ-कर्नाटक किनाऱ्यावरच्या ओलूर, बप्पकाई यांसारख्या जातींत बीजांडातील आईच्या साध्या पेशी सूत्री विभाजनानेच भ्रूण बनवतात. एका बाठ्यातून अनेक कोंब फुटतात आणि त्यांतील बहुतेक हुबेहूब आईसारखे निघतात. हापूसच्या बाठ्यात मात्र भ्रूण एकच असतो, आणि तो फलनातून झालेला असतो.