वीकेंडचं हॉटेल नंतर, आधी कालनिर्णय काढा

ही पोस्ट खरं तर आमच्या दादासाठी आहे, पण तो फेसबुकवर फक्त लाइक करायला येतो, वाचत नाही, म्हणून तुम्हीच वाचा.

आम्ही मूळचे गोव्यातल्या फोंड्याचे. दादा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि तिथलाच झाला, मी इथेच राहिले. वर्षातून एकदा तो, वहिनी आणि पोरं येतात आणि मग "यंदा बीच पक्का" नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जागा होतो. परवा रात्री त्याने प्लॅन टाकला. शुक्रवारी रात्री पुण्याहून निघणार, शनिवारी सकाळी आमच्याकडे चहा, मग दूधसागर, मग ओल्ड गोवा, मग पणजीत फोंतेन्हास, आग्वादचा किल्ला, वागातोर आणि सूर्यास्त म्हणे पाळोळेला. अरे वागातोर बार्देशात, पाळोळे काणकोणात, एक उत्तरेला एक दक्षिणेला, मध्ये मांडवी आणि जुवारी दोन्ही, तुझा सूर्य काय थांबणार आहे का तिथे! गोवा 3702 चौरस किलोमीटरचा, नकाशात बोटभर दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की गाडी काढली की झालं.

मी म्हटलं एक गाव धरूया. काणकोण. फोंड्याहून बोरीचा पूल, मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाट उतरला की आलंच, ट्रॅफिक नसेल तर पावणेदोन तासांत. मडगावच्या लोकांना तर त्याहून जवळ. त्यावर दादा लगेच हॉटेलांच्या लिंका टाकायला लागला, सी फेसिंग आहे का, स्विमिंग पूल आहे का, ब्रेकफास्ट धरून किती. इथेच माझं आणि त्याचं वाजतं. मी म्हणते हॉटेल सगळ्यात शेवटी, आधी भिंतीवरचं कालनिर्णय काढ आणि त्या शनिवारी तिथी कुठली ते बघ.

हसू नका, सांगते.

तीन वर्षांपूर्वी असेच गेलो होतो, फेब्रुवारीत, सगळे मिळून नऊ जण. ज्यांनी पाळोळे बघितलंय त्यांना माहीत असेल, चंद्रकोरीसारखा बीच आहे आणि उत्तरेच्या टोकाला एक छोटं बेट, ओहोटीला तिथे पाण्यातून चालत जाता येतं. कुठेतरी वाचलं होतं एवढंच. शनिवारी बाराला पोचलो, पोरं गाडीतून उतरल्या उतरल्या बेटाकडे पळाली, आणि बघतो तर मध्ये पाणीच पाणी. पोरांची तोंडं पडली. संध्याकाळी साडेचारला परत गेलो तर काय, पाणी गुडघ्याच्या खाली, मजेत पलीकडे गेलो, खडपांवर बसलो, फोटो, भेळ, दादाचं गाणं. सूर्य बुडाला तरी कोण उठायला तयार नाही. साडेसात वाजता उठलो तेव्हा जिथून गुडघाभर पाण्यातून आलो होतो तिथे माझ्या कमरेच्या वर पाणी, अंधार, आणि खाली पायाला लागणारे दगड. दोन होडीवाले बॅटरी घेऊन आले आणि आम्हाला काढलं. पोरांना खांद्यावर, वहिनीची पर्स डोक्यावर, आणि दादाचा फोन खिशात होता तो खिशातच गेला.

त्यातल्या एका होडीवाल्याने आम्हाला किनाऱ्यावर आणून सोडलं आणि विचारलं, "आयज तीथ खंयची?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. नऊ माणसं, सगळी शिकलेली, एकालाही तिथी सांगता येईना. पौर्णिमा होती! वर एवढा मोठा चंद्र उगवलेला, आम्ही त्याचेच फोटो काढत बसलो होतो.

मग त्यानेच हिशोब सांगितला, जो नंतर कळलं की सगळ्या कोकणपट्टीत चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याला पाऊणने गुणायचं, जे येईल त्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्या म्हणजे पंधरा, सव्वाअकराच्या आसपास भरती, आणि त्याच्यानंतर सहा तासांनी, म्हणजे पाच-सव्वापाचला, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, गाव बदललं की बदलतं, आणि आता फोनवर भरतीचे नेमके टायमिंग मिळतात ते बघाच. पण अ‍ॅप तुम्ही तिथे गेल्यावर उघडता, तिथी महिनाभर आधी दिसते, बुकिंग करायच्या आधी. हा फरक आहे.

दुसरं म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी वर पण जास्त येतं आणि मागे पण जास्त जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरत पण नाही. म्हणजे बेटावर जायचं असेल, संध्याकाळी रुंद ओल्या वाळूवर लांब चालायचं असेल, तर उधाणाचा वीकेंड घ्या आणि घड्याळ बघून वेळेत परत या. आणि फक्त पोरांना काठाशी खेळवायचं असेल तर भांगेचा. तरी लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, लाइफगार्डशी वाद घालणारे काका मी दरवेळी बघते आणि दरवेळी ते "आम्हाला पोहता येतं हो" असंच म्हणतात. विहिरीत येत असेल.

आता कालनिर्णयाचं दुसरं कारण, आणि आमच्या घरात हेच मोठं. नुस्तं, म्हणजे मासे! समुद्रावर जायचं आणि शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवायचं याला काही अर्थ आहे का? पण आमच्याकडे आईचा शनिवार, सासूबाईंचा सोमवार, वहिनीची संकष्टी, नवऱ्याचा गुरुवार (तो फक्त घरी असताना). एकदा शनिवारी नेमकी संकष्टी आली, काणकोणात टेबलावर विसवण (सुरमई) तळलेली, तिसऱ्यांचं सुकं, आणि दोन बायका साबुदाण्याची खिचडी मागतायत, हॉटेलातला पोरगा बिचारा चावडीच्या बाजारात जाऊन साबुदाणा घेऊन आला. म्हणून माझा नियम असा की वीकेंडचं मुख्य जेवण रविवारी दुपारी, बाकी सगळा प्लॅन त्याच्याभोवती. शनिवारी आईला घेऊन श्रीस्थळचा मल्लिकार्जुन आणि पर्तगाळचा मठ करायचा, तिथे तिला तासभर शांत बसता येतं, आणि मग रविवारी कोणी काही बोलत नाही.

आणि जून-जुलैत येऊच नका, हे पुण्याच्या लोकांना किती वेळा सांगायचं. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस मासेमारी बंदी असते, ट्रॉलर बांधलेले असतात, ताटात जे येतं ते बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं. नदीतलं, खाडीतलं मिळतं, शेवटे वगैरे, आणि ते चांगलं लागतं, पण त्यासाठी ओळखीची बाई लागते. शिवाय पाळोळेच्या त्या लाकडी हट पावसाआधी उतरवतात, पाऊस गेला की परत उभ्या करतात, त्यामुळे जुलैत फोटोतलं पाळोळे शोधत फिरलात तर नुसते माड दिसतील. मला स्वतःला ते आवडतं, पण दादाला नाही आवडणार.

हटचं पण सांगते. भिंती पातळ, शेजारचा घोरला की आपल्याला कळतं. रात्री दहानंतर बाहेर मोठ्याने म्युझिक लावता येत नाही, म्हणून पाळोळेला हेडफोन लावून नाचायची पार्टी असते. आई रात्री फेरी मारायला म्हणून निघाली आणि बघते तर शंभर-दीडशे माणसं अंधारात आवाज न करता नाचतायत. परत येऊन गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "काय लागलंय गं त्यांना?"

पाळोळेला गर्दी वाटली तर खाली गालजीबाग आहे, सुरूची झाडं, लांबच लांब वाळू. तिथे आणि आगोंदला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, घरट्याभोवती कुंपण घातलेलं असतं. तिथे रात्री बॅटरी मारत फिरू नका, पोरांना आधीच समजावून न्या. येताना काब द राम किल्ल्याच्या बाजूने या, रस्ता लांबचा आहे पण डोंगरावरून समुद्र दिसतो, आणि खोलाची मिरची मिळाली तर घ्याच. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची आहे ती, आमच्या घरी हुमणाचा (माशांच्या कढीचा) रंग तिच्यावरच.

आणि भाड्याची गाडी घ्याल तर काळी पाटी पिवळी अक्षरं, म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना असलेली, बघून घ्या. पांढऱ्या पाटीची स्वस्तात देतात, पोलिसांनी पकडलं की स्वस्त राहत नाही.

तर यंदाचं. मी सगळं बघितलं, दोन वीकेंड निघाले. एक पौर्णिमेचा, पण त्या शनिवारी दादाच्या धाकट्याची परीक्षा. दुसरा अमावास्येचा. ओहोटी बरोबर पाचला, संकष्टी नाही, परीक्षा नाही, रविवार सगळ्यांचा मोकळा, हॉटेलवाला पण कमी रेट सांगतोय. ग्रुपवर टाकलं, सगळ्यांचे अंगठे आले, दादाचा पण आला. आणि आत्ता आई स्वयंपाकघरातून विचारतेय, "अमावास्येला पोरांना घेऊन पाण्याकडे?"

तिला म्हटलं चतुर्दशीला निघू, अमावास्या लागायच्या आत पोचतो. ती पण आता कालनिर्णय काढून बसलीय, चष्मा शोधतेय.