वाचणाऱ्यास वाचवण्याचे उपाय

रविवारी सकाळी आपली जिवलग मैत्रीण पुस्तक उघडून बसलेली आढळली, तर ती संकटात आहे हे प्रथम ओळखावे. वरवर पाहता तिला काही झालेले दिसत नाही. चहाचा कप शेजारी असतो, पाय समोरच्या स्टुलावर असतात आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली तरी तिची मान वर होत नाही. परंतु दोन तास कोणाशीही न बोलता बसलेले माणूस धडधाकट असूच शकत नाही, हे आपण सर्वांनी केव्हाच ठरवून टाकलेले असल्यामुळे, तिला त्या अवस्थेतून बाहेर काढणे हे मैत्रीचे आद्य कर्तव्य ठरते. गेल्या रविवारी मला स्वतःला असे वाचवण्यात आले. त्या अनुभवाच्या आधारे होतकरू मित्रमैत्रिणींसाठी काही सूचना देत आहे.

येण्यापूर्वी फोन करू नये, कारण फोन केल्यास समोरची व्यक्ती "आज नको" म्हणण्याचा धोका असतो.

दार उघडताच "काय करतेस?" असे विचारावे आणि ती "वाचतेय" म्हणाली, की "मग बरं झालं, रिकामीच आहेस" असे म्हणत चपला काढाव्यात. या वाक्याला उत्तर नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. ती पोळ्या लाटत असती तर आपण "आटप, मी थांबते" म्हणालो असतो. कपाट आवरत असती तर हातभार लावला असता. दुपारची डुलकी काढत असती, तर पाय न वाजवता परतही गेलो असतो. वाचन हे मात्र असे एकमेव काम आहे, की ते चालू असताना माणूस पूर्णपणे मोकळा समजला जातो.

आत आल्यावर पुस्तक हातात घ्यावे. आत खुणेसाठी ठेवलेली वाण्याची पावती खाली पडू द्यावी, एकूण किती पाने आहेत ते पाहावे आणि "बाप रे, हे सगळं वाचणार?" असे विचारावे.

शेवटचे पान मोठ्याने वाचून दाखवावे. तिची तेवढीच मेहनत वाचते.

यानंतर सुट्टीचा विषय काढावा. मी बँकेत नोकरी करते. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा व चौथा शनिवार सुट्टी असल्याने, "तुमचं काय बाई, मजाच मजा" हे वाक्य मला आठवड्याच्या कोणत्याही दिवशी ऐकावे लागते. पहिल्या, तिसऱ्या आणि असलाच तर पाचव्या शनिवारी आम्ही संध्याकाळपर्यंत काउंटरवर असतो, ही माहिती पसरलेली नाही आणि पसरवण्याचे कारणही नाही. गेला रविवार अशाच एका पहिल्या शनिवारनंतरचा, म्हणजे त्या आठवड्यातला एकुलता एक होता. रविवार ही काही निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हे. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. मालकांकडून सुट्टी मिळवणे हेच त्या काळी इतके अवघड होते, की स्नेह्यांकडूनही ती मागून ठेवावी हे लोखंड्यांना सुचले नसावे.

गप्पा मारायला आलो असलो, तरी गप्पा मारू नयेत. सोफ्यावर मांडी ठोकून फोन काढावा. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती एकामागून एक, आवाज पूर्ण सोडून पाहाव्यात आणि दर चौथ्या चित्रफितीला "हे बघ, हे बघ" म्हणून फोन यजमानीणबाईंच्या नाकासमोर धरावा. गेल्या रविवारी हा कार्यक्रम अकरापासून पावणेएकपर्यंत चालला. या पावणेदोन तासांत एका माणसाने कलिंगडाचा हत्ती कोरला, एका मांजराने पियानो वाजवला आणि आमच्यात एकूण सहा वाक्ये झाली. त्यांपैकी दोन चहाच्या साखरेबद्दल होती. मी मधेच पुस्तकाकडे हात नेला, तर "मी आलेय आणि तू वाचतेस?" असे ऐकावे लागले. म्हणजे माझ्या समोर बसून तिने फोन पाहिला तर तो सहवास, आणि तिच्या समोर बसून मी पान उलटले तर तो अपमान! हीच बाई दर 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या सकाळी सहा वाजता, डॉ. कलामांच्या छायाचित्रासह "वाचाल तर वाचाल" हा संदेश मला पाठवते. तोही दोनदा.

निघताना पुस्तक उचलून न्यावे.

ही सूचना आहे की गाऱ्हाणे, हे आता माझे मलाच कळेनासे झाले आहे. "तू वाचतेयस म्हणजे चांगलंच असणार, दोन दिवसांत देते" असे म्हणून तिने ते पुस्तक पिशवीत टाकले. मी दोनशे बाराव्या पानावर होते. प्रकरणाच्या मध्यावर नव्हे, वाक्याच्या मध्यावर. शिवाय ते पुस्तक माझे नव्हते, वाचनालयाचे होते. पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी, आत निळ्या शिक्क्यांच्या तारखांचा कागद, हे सारे तिला दिसत होते. तसे सांगितल्यावर "मग काय, तू दुसरं घेशील" असे उत्तर मिळाले. त्या पुस्तकासाठी मी अडीच महिने नंबर लावून ठेवला होता. वाचनालयातल्या काकांनी ते टेबलाच्या खणात माझ्यासाठी बाजूला ठेवले होते. ज्या ठाण्यात 1893 साली लोकांनी मराठी ग्रंथांसाठी ग्रंथसंग्रहालय उभे केले, त्याच ठाण्यात आता एका वर्गणीदार बाईला उशिराचा दंड मैत्रीखातर भरावा लागायची वेळ आली आहे. दंडाची रक्कम चहापेक्षा कमी आहे, हे मला ठाऊक आहे. प्रश्न त्या रकमेचा नाही.

उपरोध पुरे झाला. वाचत बसलेले माणूस रिकामे नसते, ही साधी गोष्ट चाळिशी ओलांडलेल्या शिकल्यासवरल्या लोकांना सांगावी लागते, याची लाज वाटली पाहिजे. दोन घटका कोणी शांत बसलेले तुम्हाला बघवत नाही, कारण तुम्हाला स्वतःला तसे बसता येत नाही. आणि ते जमत नाही म्हणून तुम्ही दुसऱ्याचे मोडायला निघता, वर त्याला प्रेम म्हणता.

आणि तुला तर हे येत होते, म्हणून राग जास्त आहे. कॉलेजात असताना तुमच्या घराच्या गॅलरीत, एकच दिवाळी अंक दोघींना आधी हवा होता म्हणून, आपण त्याच्या पिना उचकटून त्याचे दोन भाग केले होते. तू मागचा अर्धा घेतलास, मी पुढचा. आतून तुझी आई दोनदा जेवायला हाक मारून गेली. संपूर्ण दुपारभर आपण "संपलं का?" यापलीकडे काही बोललो नाही, आणि त्या दिवसाइतके पोटभर भेटणे पुढे कितीदा झाले, हे तूच मोजून पाहा.

येता शनिवार दुसरा आहे. बँक बंद आहे, मी घरी आहे, पुस्तकाची मुदत त्याच दिवशी संपते आणि वाचनालय संध्याकाळी साडेसातला बंद होते. सकाळी दहाच्या आत ते आणून दे. उरलेली पाने साडेसातच्या आत मी संपवीन. येताना स्वतःसाठीही एखादे पुस्तक आण आणि फोन बाहेर चपलांपाशी ठेव. आणि शेवट पुन्हा सांगू नकोस. परवा तू वाचलेस ते शेवटचे पान नव्हते, ती जाहिरात होती.