‘दिवावाशी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

परीक्षेच्या दिवसांत कॉलेजच्या मुलांनी रोज थोडं चालावं, मन ताळ्यावर राहतं, असा लेख मी गेल्या आठवड्यात टाकला. त्यावर ‘दिवावाशी’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया थोडक्यात अशी: ‘येऊरच्या पायथ्याशी फ्लॅट असला की चालण्याचे फायदे सुचतात, सर. आम्ही दिव्याहून लोकलला लटकत ठाण्याला येतो, तिथून वाशीची गाडी. घरी पोचेस्तोवर रात्रीचे नऊ. शिवाय जे मुळात आनंदी असतात तेच धावायला बाहेर पडतात, असंही असेल ना? आणि खचलेल्या पोराला डॉक्टरऐवजी बूट दाखवू नका.’

आधी फ्लॅटचं बघू. येऊर म्हणजे ठाण्याचा हिरवा डोंगराळ भाग; माझा तिथे फ्लॅट नाही. कधीच नव्हता. मी कळव्यातल्या चाळीत वाढलो, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं. 1993 साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले. त्याच पावसाळ्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातली वडिलांची कंपनी बंद पडली. रात्र रात्र झोप नाही, पुस्तक उघडलं की छातीत धडधड. तेव्हा याला काही नाव असतं हेही ठाऊक नव्हतं. घरचे म्हणायचे, ‘नाटकं करतोय.’

शेजारचा एक मित्र मला ओढून बाहेर काढायचा. कळवा पुलावरून चालत तलावपाळी, तळ्याला दोन फेऱ्या, चालत परत. खाडीचा वास, ट्रकची धूळ. येऊरची हवा नव्हे हो! दोन-तीन आठवड्यांत झोप लागायला लागली. (केट्यांचं विचाराल, तर एक सुटली, दुसरी पुन्हा लागली.) आता तुम्ही म्हणाल, हे चालण्यामुळे की मित्रामुळे? तुम्ही म्हणालच.

टीकेबद्दल माझी तक्रार नाही. पण समोरच्याचं घर न बघता त्याचा पत्ता ठरवायचा, वर ‘सर’ लावून चिमटा काढायचा, ही कुठली रीत? वयाने मी तुमच्या वडिलांएवढा असेन. असो.

एक चूक मात्र कबूल करतो. ड्यूक विद्यापीठाच्या 1999 च्या ज्या प्रयोगाचा दाखला मी दिला, ज्यात सोळा आठवड्यांनंतर व्यायामाचा गुण नैराश्याच्या गोळीइतकाच दिसला, त्यातले 156 जण पन्नाशीचे आणि त्यापुढचे होते, विद्यार्थी नव्हते. हे लिहायचं राहिलं. किरकोळ गोष्ट आहे, पण राहिलं खरं.

‘आनंदी तेच धावतात’ हा मुद्दा जुनाच आहे. 2018 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त अमेरिकेतल्या बारा लाखांवर लोकांची पाहणी आली. व्यायाम करणाऱ्यांचे महिन्यातले मन ठीक नसलेले दिवस इतरांपेक्षा सुमारे 43 टक्के कमी होते. एवढी माणसं काय जन्मतःच हसतमुख होती? मला नाही वाटत.

आणि डॉक्टर? लेखाच्या शेवटी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ठळक अक्षरांत दिला होता. शेवटपर्यंत वाचलं असतंत तर दिसला असता.

राहता राहिला वेळ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं व्यायाम सांगते, म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस. ‘सलग दहा मिनिटं तरी हवीत’ ही जुनी अट 2020 च्या सूचनांमधून गेली. म्हणजे वाशीची गाडी पकडायला ठाण्याला पूल चढता-उतरता, तेही झपझप असेल तर धरलं जातं. तुम्ही ते रोज करताच आहात. तरी मन उदास राहतं म्हणता, तर... त्यावर स्वतंत्र लिहीन कधीतरी.

रविवारी सकाळी सहाला मी अजूनही तलावपाळीला असतो, कौपिनेश्वराच्या देवळाच्या बाजूला. दिव्याहून त्या वेळी गाडीला गर्दी कमी असते. यायचं तर या. बूट नसले तरी चालेल, मीही चपलाच घालतो.